युद्ध थांबवण्यासाठी काढलेला विषय

२३ नोव्हेंबर १९३८. वेल्समधील कार्डिफ शहरात एका भव्य पांढऱ्या वास्तूचे उद्घाटन होत होते. तिचे नाव ‘शांतता आणि आरोग्याचे मंदिर’. फीत कापायला ना राजघराण्यातील कोणी होते, ना मंत्रिमंडळातील. हा मान डाउलेस या कामगारवस्तीतील मिनी जेम्स यांना देण्यात आला होता. पहिल्या महायुद्धाने त्यांचे तीन मुलगे नेले होते. त्या युद्धातील वेल्सच्या सुमारे ३५,००० मृतांची नावे लिहिलेला ग्रंथ या वास्तूत ठेवायचा होता. म्युनिक करारावर सह्या होऊन तेव्हा दोन महिनेही उलटले नव्हते.

हे मंदिर ज्यांच्या ध्यासातून उभे राहिले, त्या डेव्हिड डेव्हिस यांनी एकोणीस वर्षांपूर्वी त्याच हेतूने आणखी एक गोष्ट उभारली होती. ती दगडविटांची नव्हती. आज जगभरातील विद्यार्थी ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ हा विषय घेऊन पदवी मिळवतात. परराष्ट्र सेवा, पत्रकारिता, संयुक्त राष्ट्रे अशी स्वप्ने पाहतात. या विषयाचे विद्यापीठातील पहिले अध्यासन १९१९ साली ॲबरिस्टविथ या वेल्समधील छोट्याशा किनारी गावात स्थापन झाले. लंडनमध्ये नव्हे, ऑक्सफर्डमध्ये तर नव्हेच.

डेव्हिस यांचे आजोबा लाकूड कापणारे कामगार होते. रेल्वे आणि कोळशाच्या धंद्यातून ते अतिश्रीमंत झाले. नातू संसदेत गेला, युद्धकाळात रॉयल वेल्श फ्युझिलिअर्सच्या एका तुकडीचे नेतृत्व करत फ्रान्समध्ये गेला आणि पुढे काही काळ लॉइड जॉर्ज यांच्या कार्यालयात राहिला. म्हणजे खंदक आणि सत्तेचे दालन, दोन्ही त्याने आतून पाहिले. ग्वेन्डोलिन आणि मार्गारेट या त्याच्या बहिणी त्याच काळात फ्रान्समध्ये सैनिकांसाठी उपाहारगृह चालवत होत्या. (मोने आणि रेन्वार यांची चित्रे विकत घेऊन अखेर कार्डिफच्या संग्रहालयाला देणाऱ्या त्या याच भगिनी!) युद्ध संपल्यावर या भावंडांनी ॲबरिस्टविथच्या महाविद्यालयाला २०,००० पौंड दिले. युद्धात पडलेल्या विद्यार्थ्यांचे स्मारक म्हणून पुतळा नको, अध्यासन हवे, असा त्यांचा आग्रह होता. राष्ट्रे एकमेकांशी कशी वागतात याचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला, तर ती पुन्हा एकमेकांचे गळे धरणार नाहीत, ही त्यामागची श्रद्धा. अध्यासनाला नाव मिळाले राष्ट्रसंघाचे प्रवर्तक वुड्रो विल्सन यांचे.

या नावातच एक विसंगती दडली होती. ११ एप्रिल १९१९ रोजी पॅरिसमध्ये राष्ट्रसंघाच्या सनदेत राष्ट्रांच्या समानतेचे तत्त्व यावे, असा प्रस्ताव जपानने मांडला. वंशभेदाला आळा घालणे हा त्याचा उद्देश होता. सतरापैकी अकरा मते बाजूने पडली. तरीही अध्यक्षस्थानी असलेल्या विल्सन यांनी एकमत नसल्याचे कारण देऊन तो फेटाळला. नव्या विषयाला हे अडचणीचे वाटले नाही. किंबहुना त्याची दुसरी एक मुळी वंशविचारातच रुजलेली होती. अमेरिकेत १९१० पासून ‘जर्नल ऑफ रेस डेव्हलपमेंट’ नावाचे नियतकालिक निघत असे. १९१९ मध्ये त्याचे नाव बदलून ‘जर्नल ऑफ इंटरनॅशनल रिलेशन्स’ करण्यात आले आणि १९२२ मध्ये ते आजच्या सुप्रसिद्ध ‘फॉरेन अफेअर्स’मध्ये विलीन झाले. वेल्समधील शोकाकुल कुटुंबांची गोष्ट खरी आहे. पण एवढीच गोष्ट सांगणारी पाठ्यपुस्तके अर्धाच इतिहास सांगतात.

ॲबरिस्टविथच्या पहिल्या प्राध्यापकांपैकी कोणाकडेही या विषयाची पदवी नव्हती, असणार कशी? आल्फ्रेड झिमर्न प्राचीन ग्रीसचे अभ्यासक होते. चार्ल्स वेब्स्टर व्हिएन्ना परिषदेचे इतिहासकार. त्यानंतरचे जेरोम ग्रीन अमेरिकन बँकर. प्रत्येक जण आपापले शास्त्र घेऊन आला आणि तेच शिकवू लागला. पुढे ऑक्सफर्डला गेलेल्या झिमर्न यांनी तर मोकळेपणाने मांडले की, हा एक विषय नसून समान दृष्टिकोनातून पाहिलेली अनेक विषयांची मोट आहे.

आणि मग १९३६ साली या अध्यासनावर एडवर्ड हॅलेट कार आले.

कार यांनी वीस वर्षे ब्रिटिश परराष्ट्र खात्यात काढली होती. पॅरिसच्या तहाच्या वेळी ते हजर होते. डेव्हिस यांना ही निवड मान्य नव्हती आणि त्यांची शंका निराधार ठरली नाही. १९३९ च्या शरद ऋतूत, हिटलरच्या फौजा पोलंडमध्ये शिरल्या असताना, कार यांचे ‘द ट्वेंटी इयर्स क्रायसिस’ प्रसिद्ध झाले. युद्ध नको या उत्कट इच्छेतून हा विषय जन्मला आणि म्हणूनच तो बाल्यावस्थेत राहिला, असा त्याचा रोख होता. इच्छेलाच वस्तुस्थिती समजणाऱ्यांना त्यांनी स्वप्नरंजक ठरवले. सत्तेचे भान नसलेली नीती पोकळ असते, असे बजावले. विल्सन यांच्या नावाच्या आसनावर बसून विल्सन यांच्या विचारांवर इतका जोरकस घाव कोणीच घातला नव्हता.

या वादात कार यांना विजयी घोषित करण्याची घाई पुढच्या पिढ्यांनी केली. ती थोडी सैल करायला हवी. डेव्हिस भाबडे नव्हते. राष्ट्रसंघाकडे स्वतःचे सशस्त्र दल नसेल तर त्याचे निर्णय कागदावरच राहतील, हे ते १९३० पासून ग्रंथ लिहून सांगत होते. उलट वास्तवाचे भान शिकवणाऱ्या कार यांनी पहिल्या आवृत्तीत म्युनिक कराराची भलामण केली होती. युद्धानंतरच्या आवृत्तीतून तो मजकूर गाळला गेला. वास्तववाद्यालाही वास्तव नेहमी दिसतेच असे नाही.

युद्धकाळात कार यांचा मुक्काम ‘द टाइम्स’च्या अग्रलेखांत अधिक आणि ॲबरिस्टविथमध्ये कमी राहिला. डेव्हिस चडफडत राहिले. जून १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचा थोरला मुलगा मायकेल रणांगणावर मारला गेला.

विषय टिकला, पण पदवीच्या वर्गात त्याला स्वतंत्र स्थान द्यावे का, हा वाद पेटलेलाच होता. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने आधी इतिहास, कायदा, अर्थशास्त्र यांपैकी काही एक पक्के करावे आणि मग राष्ट्रांच्या व्यवहाराकडे वळावे, असे अनेक विद्वानांचे मत होते. वॉशिंग्टनमधील जॉर्जटाउन विद्यापीठाने ही चर्चा मनावर घेतली नाही. तेथे १९१९ मध्येच परराष्ट्र सेवेचे विद्यालय निघाले. त्यांना तत्त्वज्ञान नको होते, परदेशी व्यापार आणि वकिलाती सांभाळणारी माणसे हवी होती. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये चार्ल्स मॅनिंग यांनी या विषयाच्या स्वतंत्र अस्तित्वासाठी तीन दशके किल्ला लढवला. जगात त्याचे अध्यापन कसे चालते यावरचा युनेस्कोचा १९५४ चा ग्रंथही त्यांच्याच नावावर आहे. राष्ट्रांचा समाज समजावून देणारे हेच मॅनिंग आपल्या मायदेशाच्या, दक्षिण आफ्रिकेच्या, वर्णभेदी राजवटीचे समर्थक होते. ऑक्सफर्डमध्ये मात्र या विषयाची स्वतंत्र प्रथम पदवी आजही नाही.

त्याच ऑक्सफर्डमधून मर्झ टेट या कृष्णवर्णीय अमेरिकन विदुषीने १९३५ मध्ये या विषयात पदव्युत्तर पदवी मिळवली. नि:शस्त्रीकरण आणि साम्राज्यवाद हे तिच्या अभ्यासाचे विषय. १९५०-५१ मध्ये ती शांतिनिकेतनात शिकवायलाही आली होती. या विषयाच्या वंशावळीत तिचे नाव यायला मात्र अनेक दशके लागली.

भारतात या विषयाची इमारत कळसापासून बांधली गेली. पुण्यात गोखल्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष हृदयनाथ कुंझरू यांच्या पुढाकाराने १९५५ साली दिल्लीच्या सप्रू हाऊसमध्ये ‘इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ सुरू झाले. भर संपूर्णपणे संशोधनावर होता. पदवीचे वर्ग नव्हतेच. नव्या राष्ट्राला शेजारी देश, त्यांच्या भाषा आणि त्यांचे राजकारण जाणणारे तज्ज्ञ तातडीने हवे होते. १९७० मध्ये ही संस्था जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. पदवीच्या विद्यार्थ्याला हा विषय बहुतेक ठिकाणी राज्यशास्त्रातला एक पेपर म्हणूनच भेटत राहिला. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांतही तो असाच, शेवटच्या वर्षाला, भेटत आला आहे. त्या पेपरच्या पहिल्या प्रकरणात आदर्शवाद आणि वास्तववाद यांचा झगडा असतो. कार यांचे नाव तिथे हमखास येते. डेव्हिस यांचे सहसा येत नाही.