मराठवाड्यांतील रिमफायर बंदुका : शोध, परीक्षा व रक्षण

अंबड तालुक्यांतील अंकुशनगर हें नांव जुन्या दप्तरांत शोधूं गेल्यास सांपडावयाचें नाहीं. साखर कारखान्याच्या आश्रयानें वसलेली ती अलीकडची वस्ती होय. परंतु तिच्या भोंवतालचा मुलूख शस्त्रांच्या इतिहासांत अपरिचित नाहीं. १८०३ च्या सप्टेंबरच्या आरंभीं कर्नल स्टीव्हन्सननें जालना घेतलें, आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेस केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यांत असईचा संग्राम झाला. पुढें जालन्यास हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. ती फौज १९०३ मध्यें हिंदी लष्करांत विलीन झाली. यामुळें या प्रांतीं कोणत्याहि वाड्याच्या माळ्यावर गंजलेली नळी निघाली कीं, ती असईची, असा लौकिक तत्काळ उत्पन्न होतो. हा लौकिक बहुधा निराधार असतो. असईच्या वेळच्या बंदुका चकमकीच्या अथवा तोड्याच्या, आणि सर्व ठासणीच्या. ज्या बंदुकीस मागून काडतूस घालतात ती त्या रणांगणावर असणें शक्यच नाहीं. इतका साधा विवेक केला तरी निम्म्या दंतकथा गळून पडतात.

प्रस्तुत लेखाचा विषय या मागून भरावयाच्या बंदुकांपैकीं एक शाखा, म्हणजे रिमफायर, हा आहे. ठासणीच्या शस्त्रांकडे आपल्या संशोधकांचें लक्ष गेलें. ढाल, तरवार, पट्टा, कट्यार यांस पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणीं मानाची जागा मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील काडतुसी बंदूक मात्र ‘इंग्रजी माल’ म्हणून उपेक्षित राहिली. ही उपेक्षा आम्हांस अन्यायाची वाटते.

रिमफायर काडतुसाची रचना थोडक्यांत अशी. तांब्याच्या पातळ नळकांडीच्या बुडास जी दुमडलेली कड असते, तिच्या पोकळींत स्फोटक मसाला भरलेला असतो. बंदुकीचा खिळा मध्यभागीं न बसतां त्या कडेवर बसतो. कड चेंगरते आणि मसाला पेट घेतो. फ्रान्समध्यें फ्लोबेर यानें १८४५ च्या सुमारास बैठकींत नेम मारण्याजोगें चिमुकलें काडतूस या धर्तीवर काढलें. अमेरिकेंत स्मिथ आणि वेसन यांनीं १८५७ त तें पिस्तुलास लावलें, आणि १८६० त स्पेन्सर व हेन्री यांच्या अनेकबारी रायफली निघाल्या. १८६६ ची पितळी रंगाच्या सांगाड्याची विंचेस्टर ही हेन्रीचीच सुधारलेली कन्या. १८७७ त प्लेव्हनाच्या वेढ्यांत तुर्कांनीं तीच रशियनांवर चालविली. परंतु कड चेंगरावयाची तर पत्रा मऊ व पातळ हवा, आणि पातळ पत्रा मोठ्या बाराचा दाब सोशीत नाहीं. या एका अडचणीमुळें मोठ्या मापाचीं रिमफायर काडतुसें मागें पडलीं व लहान मापाचीं टिकलीं. १८८७ चें ·२२ लाँग रायफल काडतूस आजहि सर्वत्र बनतें.

यावरून आपल्या प्रांतीं काय सांपडेल व काय सांपडणार नाहीं हें ठरवितां येतें. सरकारी पलटणींच्या स्नायडर व मार्टिनी-हेन्री या बंदुकांचीं काडतुसें मध्यभागीं ठोका घेणारीं होतीं. शिवाय १८५७ नंतर देशी शिपायास एक पिढी मागचें हत्यार देण्याचें धोरण होतें. तेव्हां छावणीच्या वाटेनें रिमफायर आली नाहीं. ती आली खाजगी वाटेनें : जहागीरदार, इंग्रज अंमलदार, डॉक्टर, इंजिनियर यांच्या सामानांतून. कलकत्त्याचे मँटन व रॉडा, मुंबईचें आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स अशा पेढ्यांचीं नांवें नळीवर कोरलेलीं आढळल्यास ती वाट उघड होते. दुसरी लाट बोअर युद्धानंतरची. नागरिकांस नेमबाजी यावी म्हणून विलायतेंत लहान मार्टिनी बनावटीच्या ·२२ रायफली निघाल्या, आणि १९४८ त स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेच्या विद्यार्थ्यांनींहि ·२२ च्याच बंदुकीवर नेम धरला.

आतां परीक्षेचा प्रश्न. हस्तलिखितांच्या संग्राहकांस हें सांगावयास नको कीं, जीर्ण पण अस्पृष्ट प्रत ही शुद्ध करून लिहिलेल्या नव्या प्रतीहून मोलाची. बंदुकीचेंहि तसेंच आहे. विक्रेता ज्या झगझगीत नगास ‘अगदीं नवी’ म्हणतो, तो बहुधा घासून पुन्हां काळा केलेला असतो. मूळ नगावर अक्षरांच्या कडा बोटास लागतात, स्क्रूच्या खांचा सरळ असतात, आणि लांकडी दस्ता लोखंडाच्या पातळीहून किंचित् वर असतो. घासकाम झाल्यास अक्षरें उथळ होतात, भोंकांच्या कडा बशीसारख्या खचतात, आणि लांकूड लोखंडाच्या खालीं जातें. वरची चकाकी ही येथें क्षेपक समजावी.

रिमफायरच्या खास खुणा मात्र नळीच्या आंत आहेत, आणि त्या कोणासहि लपवितां येत नाहींत. पहिली खूण काडतुसाच्या घराच्या तोंडाशीं. रिकाम्या बंदुकीचा चाप वारंवार ओढला असल्यास खिळा थेट नळीच्या कडेवर आपटून तेथें खांच पडते. दुसरी, घराच्या पुढच्या भागांत. लाँग रायफलच्या घरांत आंखूड काडतुसें पुष्कळ उडविलीं असतील तर तेथें वर्तुळाकार झीज होते व पुढें लांब काडतुसाची नळकांडी अडकूं लागते. तिसरी खूण सर्वांत बोलकी. जुन्या मसाल्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाल्यावर त्याचा क्षार नळींत उरे आणि हवेंतील ओल शोषून गंज धरी. तो तेलानें जात नाहीं. पाण्यानें धुवून, कोरडें करून मग तेल द्यावें लागतें. न गंजणारा मसाला विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत प्रचारांत येऊं लागला. म्हणून त्यापूर्वीची ·२२ नळी आरशासारखी स्वच्छ असेल, तर एकतर ती फारशी वापरलेली नाहीं, किंवा तिचा धनी असामान्य नेटका होता, किंवा नळी मागाहून बदललेली आहे. तिसरी शंका क्रमांक व प्रूफचे ठसे ताडून फेडावी. बर्मिंगहॅमचा १९०४ पूर्वींचा ठसा एकमेकांवर ठेवलेल्या राजदंडांचा आहे, त्यानंतरचा मुकुटाखालीं अक्षरांचा.

हवेचा विचारहि करावा. कोंकणांतून आलेल्या नगापेक्षां मराठवाड्याच्या कोरड्या हवेंतला नग सरासरीनें निकोप असतो. मात्र येथें वाळवीचें भय आहे, आणि चामड्याच्या म्यानांत वर्षानुवर्षें ठेवल्यास चामडें ओल धरून लोखंड खातें. बंदूक म्यानाबाहेर ठेवावी. म्यान टाकूं नये.

खरी अडचण कायद्याची आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमान्वयें जुन्या बनावटीचें किंवा पुराणवस्तूचें मोल असलेलें हत्यार कायद्याच्या कक्षेबाहेर राहतें, पण तें दुरुस्त करूनहि बार काढण्याजोगें नसेल तरच. म्हणजे मोडकी बंदूक मोकळी आणि अव्यंग बंदूक परवान्यास बांधलेली! काडतूस बाजारांत मिळत नाहीं, एवढ्यानें येथें सुटका होत नाहीं. एका परवानाधारकास पूर्वी तीन हत्यारें ठेवतां येत. २०१९ च्या दुरुस्तीनें ती संख्या दोन झाली, व वारसानें येणाऱ्या हत्यारांसहि तीच मर्यादा लागली. मान्यताप्राप्त नेमबाजी मंडळाच्या सभासदाच्या ·२२ रायफलीस या मर्यादेंतून सूट आहे. घरंदाज संग्रहास ती नाहीं. परिणामीं वारस दोनपैकीं एक करतो : नळीस भोंक पाडून खिळा कापून हत्यार निर्जीव करतो, किंवा पोलीस ठाण्यांत जमा करून विसरून जातो. आमच्या मतें पहिला उपाय पोथीचें पान फाडण्यासारखा आहे. शासनमान्य संग्रहालयास सोंपविणें हा मार्ग श्रेयस्कर. आणि तें न साधल्यास, हत्यार हातचें जाण्यापूर्वीं तरी त्याची नोंद व छायाचित्रें व्हावींत. शंभर वर्षें झालेली वस्तु १९७२ च्या पुरावस्तु कायद्यान्वयें खाजगी रीतीनें परदेशीं पाठवितां येत नाहीं, हेंहि ध्यानांत असावें.

या नोंदींत नुसता नमुना व क्रमांक पुरेसा नाहीं. बंदुकीबरोबर तिचे कागद शोधावे : विकत घेतल्याचें बिल, काडतुसांची पावती, परवाना, वांटणीपत्रांतील हत्यारांची याद. कागदांवांचून बंदूक म्हणजे पुष्पिका गळालेली पोथी. कोठली, कोणाची, केव्हांची, कांहींच सांगत नाहीं. जालना प्रांत १९४८ पर्यंत निजामच्या अमलाखालीं होता व संस्थानचा दरबारी कारभार १८८४ पासून उर्दूंत चाले. म्हणून मोडी वाचणाऱ्या संग्राहकानें उर्दू कागद ‘न वाचतां येणारे’ म्हणून बाजूस टाकूं नयेत. अशा परवान्यावर सन फसली असतो. त्यांत ५९० मिळविले असतां तें वर्ष ज्या इसवी सनांत सुरू झालें तो सन येतो, आणि मग नळीवरील ठशाशीं तो जुळतो कीं नाहीं हें पहातां येतें.