खुराडं आणि पिंजरा

धारवाडला आमच्या परसात आजीच्या कोंबड्या रात्रीपुरत्या खुराड्यात असत. दिवसभर उकिरडा उकरायच्या, राखेत लोळायच्या, अंडं घालायला आडोसा स्वतः शोधायच्या.

देशात मात्र कोंबडीपालनाचं चित्र बदललं. १९७१मध्ये बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली. १९८२मध्ये अंडी उत्पादकांची नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी आली. अंड्याचा मोठा व्यापार झाला, आणि कोंबडी तारेच्या पिंजऱ्यात गेली. एकेकीच्या वाट्याला जागा आली साधारण ४५० चौरस सेंटिमीटर. ए-फोर कागदसुद्धा सुमारे ६२४ भरतो! पंख पसरता येत नाहीत, हालचालीअभावी हाडं ठिसूळ होतात. ही क्रूरताच आहे.

युरोपीय संघाने २०१२पासून असे पिंजरे बंद केले. आपल्या विधी आयोगानेही २०१७च्या २६९व्या अहवालात कोंबड्यांना पुरेशी जागा देणारे नियम सुचवले. हुबळीच्या बाजारात अंडी घेताना कोंबडी कुठे वाढली, हे जरूर विचारा.