कात्री, जमाव आणि कलम १९

एखाद्या नाटकावरून किंवा चित्रपटावरून वाद पेटला, की बंदीची मागणी ठरलेली असते. ती कधी सरकारी कार्यालयातून येते, तर कधी रस्त्यावरून. बंदी मागणारा पक्ष आणि तिला विरोध करणारा पक्ष यांच्या जागाही प्रसंगानुसार बदलत राहतात. या गदारोळात एक महत्त्वाचा प्रश्न बाजूला पडतो : प्रयोग थांबवण्याचा अधिकार नेमका कुणाला आहे आणि तो कोणत्या कारणासाठी वापरता येतो? या प्रश्नाची उत्तरे आपल्या न्यायालयांनी वेळोवेळी दिलेली आहेत. तरीही दर नव्या वादाच्या वेळी चर्चा पुन्हा पहिल्या पायरीवरून सुरू होते.

परकीय सत्तेची धास्ती

लोकरंजनावर राजकीय कारणाने अंकुश ठेवणारा देशातील पहिला महत्त्वाचा कायदा म्हणजे १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा. प्रिन्स ऑफ वेल्सच्या भारतभेटीनंतर बंगाली रंगभूमीवर राजनिष्ठांची टवाळी करणारे प्रयोग होऊ लागले, तेव्हा लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या सरकारने आधी वटहुकूम काढला आणि वर्षअखेरीस त्याचा कायदा झाला. राज्यकर्त्यांविषयी अप्रीती निर्माण करणारा किंवा बदनामीकारक वाटणारा प्रयोग त्यान्वये थांबवता येत असे.

मराठी रंगभूमीला या धास्तीची झळ लवकरच लागली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कथा महाभारतातली, पण प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला आणि सैरंध्रीत पारतंत्र्यातील देश. सरकारलाही तोच अर्थ दिसला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

चित्रपटांसाठी १९१८ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून येथे परीक्षण मंडळे काम करू लागली. त्यानंतर लगेचच, १९२१ मध्ये, कोहिनूर फिल्म कंपनीच्या 'भक्त विदुर'वर काही ठिकाणी बंदी घालण्यात आली. त्यातील विदुराच्या वेषात अधिकाऱ्यांना महात्मा गांधी दिसले होते. व्ही. शांताराम यांच्या १९३० च्या चित्रपटाचे मूळ नाव 'स्वराज्याचे तोरण' असे होते. 'स्वराज्य' हा शब्द सेन्सॉरला खटकल्याने तो 'उदयकाल' या नावाने पडद्यावर आला. संत एकनाथांच्या जीवनावरील 'प्रभात'च्या १९३५ च्या चित्रपटात बालगंधर्वांनी प्रमुख भूमिका केली होती. त्याचे 'महात्मा' हे नाव बदलून 'धर्मात्मा' करावे लागले. राज्यकर्त्यांना एका शब्दाचीही भीती वाटत असे, हे या दोन उदाहरणांतून दिसते.

घटना आणि पहिली दुरुस्ती

स्वतंत्र भारताच्या घटनेने कलम १९(१)(अ) अन्वये भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आणि कलम १९(२) मध्ये त्यावरील निर्बंधांची कारणे नमूद केली. घटना लागू होऊन काही महिनेच झाले असताना, मे १९५० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दोन महत्त्वाचे निकाल दिले. एक मुंबईहून निघणाऱ्या, डाव्या विचारांच्या 'क्रॉस रोड्स' या साप्ताहिकाविषयी होता. त्याच्या प्रवेशाला मद्रास सरकारने मनाई केली होती. दुसरा दिल्लीहून प्रसिद्ध होणाऱ्या, उजव्या विचारांच्या 'ऑर्गनायझर'विषयी होता. त्याच्यावर पूर्वतपासणीचा आदेश बजावण्यात आला होता. दोन्ही नियतकालिकांचे विचार परस्परविरोधी होते, पण न्यायालयाने दोघांनाही एकच कसोटी लावून सरकारी आदेश रद्द ठरवले.

या निकालांनंतर १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली. तिने निर्बंधांच्या कारणांत सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध आणि गुन्ह्यास चिथावणी यांची भर घातली. मात्र निर्बंध 'वाजवी' असला पाहिजे, ही अटही याच दुरुस्तीने आली. पुढे १९६३ मध्ये देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता ही कारणेही जोडली गेली. आज कलम १९(२) मध्ये असलेली यादी एवढीच आहे. 'भावना दुखावल्या' हे कारण त्या यादीत स्वतंत्रपणे आढळत नाही. धार्मिक भावनांचा हेतुपुरस्सर अपमान किंवा समाजगटांत वैर पसरवणे हे फौजदारी गुन्हे आहेत. पण त्यांना मान्यता मिळते, ती सुव्यवस्थेसारख्या घटनेतील कारणांच्या आधारे.

अब्बास यांचा खटला

चित्रपटांची पूर्वतपासणी घटनेशी सुसंगत आहे काय, हा प्रश्न ख्वाजा अहमद अब्बास यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. 'आवारा' आणि 'श्री ४२०' यांचे हे लेखक. 'चार शहर एक कहानी' या त्यांच्या लघुपटात मुंबईतील वेश्यावस्तीची काही दृश्ये होती आणि ती कापण्यास सेन्सॉर बोर्डाने सांगितले होते. सुनावणी सुरू असताना सरकारने कोणतीही काटछाट न करता प्रमाणपत्र देण्याची तयारी दाखवली. अब्बास तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी पूर्वतपासणीच्या तत्त्वालाच आव्हान दिले.

सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने १९७० मध्ये निकाल दिला. चित्रपटाचा प्रेक्षकांवरील परिणाम इतर माध्यमांपेक्षा अधिक तीव्र असतो, म्हणून त्याची पूर्वतपासणी वैध आहे, असे त्यात ठरले. त्याच वेळी लैंगिकता आणि अश्लीलता या दोन गोष्टी एकच मानू नयेत आणि कलाकृतीचे सामाजिक मूल्यही तोलावे, असे न्यायालयाने बजावले. सरकारकडेच दाद मागण्याऐवजी स्वतंत्र लवाद असावा, ही गरजही या खटल्यामुळे पुढे आली. तो लवाद प्रत्यक्षात यायला १९८३ साल उजाडले. बोर्डाच्या नावातील 'सेन्सॉर' हा शब्द जाऊन 'प्रमाणन' हा शब्द आला, तोही त्याच वर्षी. लोकांच्या बोलण्यात मात्र ते अजूनही सेन्सॉर बोर्डच आहे.

आणीबाणीचा काळ

कायद्याची चौकट बाजूला सारल्यावर काय होते, हे १९७५ ते १९७७ या काळात दिसले. अमृत नहाटा यांच्या 'किस्सा कुर्सी का' या उपरोधिक चित्रपटाच्या प्रती व मूळ निगेटिव्ह जप्त करून जाळण्यात आले. या प्रकरणात संजय गांधी आणि विद्याचरण शुक्ल यांना १९७९ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने शिक्षा सुनावली. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. नहाटा यांनी चित्रपट पुन्हा बनवला, पण पहिला चित्रपट कायमचा नष्ट झाला. 'आंधी'चे प्रदर्शन रोखण्यात आले. किशोरकुमार यांची गाणी आकाशवाणीवरून हद्दपार झाली. यांपैकी कोणत्याही कारवाईसाठी प्रेक्षकांची तक्रार कारणीभूत नव्हती.

रंगभूमीवरील दुहेरी पहारा

महाराष्ट्रात चित्रपटांप्रमाणेच नाटकांनाही पूर्वपरवानगी घ्यावी लागते. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातील (आताचा महाराष्ट्र पोलीस कायदा) अधिकारांखाली ही व्यवस्था उभी राहिली. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यायची, मंडळाने सुचवलेले बदल करायचे आणि मगच प्रयोग लावायचा, अशी ही पद्धत आहे. विजय तेंडुलकर यांच्या 'सखाराम बाइंडर'ला १९७२ मध्ये या मंडळाने अडवले. दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. त्या लढ्याची हकिकत त्यांनी 'बाइंडरचे दिवस' या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुण्यात तेंडुलकरांचेच 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आले. येथे अडथळा निराळा होता. नाना फडणवीसांची बदनामी झाल्याचा आक्षेप समाजातून आला आणि मूळ संस्थेने अवघ्या १९ प्रयोगांनंतर नाटक थांबवले. सरकारी आदेश नसल्याने दाद मागायला न्यायालयाचा दरवाजाही नव्हता. कलावंतांनी थिएटर अकॅडमी ही नवी संस्था काढली, तेव्हा ते नाटक पुन्हा उभे राहिले.

'बाइंडर' आणि 'घाशीराम' यांच्या अनुभवांतील हा फरक महत्त्वाचा आहे. सरकारने घातलेली बंदी लेखी असते, तिला कारण द्यावे लागते आणि तिच्याविरुद्ध अपील करता येते. जमावाच्या दबावाला यांपैकी काहीच लागू होत नाही. त्यामुळे तो दबाव रोखण्याची जबाबदारी अखेर सरकारवरच येते.

नाटकांच्या पूर्वपरवानगीच्या पद्धतीला अभिनेते व दिग्दर्शक अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९५६ मध्येच घटनाबाह्य ठरवला होता. कायद्याच्या पुस्तकातून तो हटला २०१८ मध्ये.

जमावाची भीती, सरकारचे कर्तव्य

गोविंद निहलानी यांची 'तमस' ही मालिका दूरदर्शनवर १९८८ मध्ये दाखवली जात असताना तिच्यामुळे दंगली होतील, अशी तक्रार मुंबई उच्च न्यायालयात झाली. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रक्षेपणावरील स्थगिती उठवली. सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला. त्यासाठी आधार घेतला गेला तो नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९४६ मध्ये सांगितलेल्या कसोटीचा. शब्दांचा परिणाम विवेकी आणि खंबीर माणसावर काय होईल, हे पाहायचे. जो प्रत्येक विरोधी मतात धोका शोधतो, अशा दुबळ्या मनाच्या माणसावरून तो ठरवायचा नाही, अशी ती कसोटी.

पुढच्याच वर्षी 'ओरे ओरु ग्रामथिले' या तमीळ चित्रपटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व आणखी पुढे नेले. आरक्षणावर टीका करणाऱ्या या चित्रपटामुळे हिंसा होईल, अशी भीती व्यक्त केली जात होती. न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. धोका दूरचा किंवा कल्पनेतील असून भागत नाही. दारूच्या कोठारात ठिणगी पडावी, इतका तो अभिव्यक्तीशी थेट जोडलेला हवा. आणि निदर्शनांच्या धमक्यांपुढे सरकारने हात टेकणे म्हणजे कायद्याचे राज्य सोडून देणे होय.

हेच तत्त्व त्यानंतर वारंवार वापरावे लागले. 'आरक्षण'वरील उत्तर प्रदेश सरकारची बंदी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये रद्द केली. जानेवारी २०१८ मध्ये 'पद्मावत'वरील राज्यांच्या बंदीला स्थगिती दिली. पश्चिम बंगालमध्ये 'भबिष्यतेर भूत' हा राजकीय उपहासाचा चित्रपट फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रदर्शनानंतर दुसऱ्याच दिवशी चित्रपटगृहांतून गायब झाला. त्या प्रकरणी न्यायालयाने राज्य सरकारला २० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

या यादीतील कलाकृतींचे राजकारण एकसारखे नाही. 'मी नथुराम गोडसे बोलतोय' या नाटकाच्या पुस्तकावरील जप्तीचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २००१ मध्ये रद्द केला. धर्मांध हिंसेची चिकित्सा करणारा आनंद पटवर्धन यांचा माहितीपट दाखवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दूरदर्शनला दिला. पहिला निकाल ज्यांना रुचला, त्यांतील अनेकांना दुसरा रुचणार नाही. उलटही तितकेच खरे. पण ज्या आधारावर एकाला संरक्षण मिळाले, तोच आधार दुसऱ्याच्याही पाठीशी होता.

आजची चौकट

'उडता पंजाब'मध्ये बोर्डाच्या पुनर्परीक्षण समितीने १३ बदल सुचवले होते. जून २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केवळ एक काट कायम ठेवून चित्रपटाला वाट करून दिली. दाद मागण्याचा मार्ग मात्र त्यानंतर अरुंद झाला. एप्रिल २०२१ मध्ये चित्रपट प्रमाणन अपील लवाद बरखास्त झाला. तेव्हापासून बोर्डाच्या निर्णयाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात जावे लागते. छोट्या निर्मात्याला हा खर्च आणि वेळ परवडेलच असे नाही. २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए' या वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे वयोगट पाडले. वयानुसार वर्गीकरण करावे आणि प्रौढांना निवडीचे स्वातंत्र्य द्यावे, या विचाराच्या दिशेने ते एक पाऊल आहे; तरी कापण्याचा अधिकार बोर्डाकडे कायम आहे.

दुसऱ्या बाजूचा दबावही ओसरलेला नाही. राजकीय विनोदावरून संतापलेल्या कार्यकर्त्यांनी मार्च २०२५ मध्ये मुंबईत एका कार्यक्रमस्थळाची तोडफोड केली. अशा वेळी कार्यक्रम सादर करणाऱ्यापेक्षा जागा देणारा अधिक धास्तावतो. पुढच्या वेळी कुणी आदेश काढण्याची गरजही उरत नाही, कारण नाट्यगृहाची तारीखच मिळत नाही.

न्यायालयातील विजयाची मर्यादाही येथेच आहे. 'पद्मावत'ला सर्वोच्च न्यायालयाची परवानगी असूनही चार राज्यांतील अनेक चित्रपटगृहांनी तो दाखवण्याचे टाळले. 'भबिष्यतेर भूत'च्या निर्मात्यांना भरपाईचा निकाल मिळाला, पण प्रदर्शनाचे ते आठवडे परत आले नाहीत. लोकप्रिय कलेचे आयुष्य हंगामावर अवलंबून असते आणि न्यायालयीन तारखा त्या हंगामाशी जुळत नाहीत. म्हणून निकालपत्राइतकेच महत्त्व प्रयोगाच्या दिवशी दारावर उभ्या असलेल्या पोलीस बंदोबस्ताला आहे.

बंदीची पुढची मागणी उठेल, तेव्हा तीन गोष्टी तपासता येतात. ती कोण करीत आहे आणि त्याला कायद्याने तो अधिकार आहे का? कलम १९(२) मधील कोणते कारण पुढे केले जात आहे? आणि सांगितला जाणारा धोका त्या कलाकृतीतून निघतो, की तिच्या विरोधकांच्या धमकीतून? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'धमकीतून' असे आले, तर कारवाई कुणावर व्हायला हवी, हे १९८९ च्या निकालाने सांगून ठेवले आहे. त्यासाठी ती कलाकृती आवडण्याची गरज नाही.