पुंडलिक, व्हीसीडी आणि आमची अकरा मिनिटं

परवा एका मित्रानं टोकलं, "नाटक मोबाईलवर काय बघतोस? नाटक समोर बसून बघायचं असतं." म्हटलं, बरोबर आहे बाबा, पण मेहकरात समोर येतंय कुठं? व्यावसायिक नाटकाचा दौरा विदर्भात आलाच तर अकोला, अमरावती, नागपूर. समृद्धीवर मेहकरला उतरायची सोय झाली, नाटकाची गाडी काही उतरत नाही.

मग त्याला पुंडलिकाची गोष्ट सांगितली.

१८ मे १९१२. मुंबईतलं कॉरोनेशन थिएटर. पडद्यावर 'श्री पुंडलिक'. करणारे दादासाहेब तोरणे, मूळचे मालवणकडचे. त्यांनी श्रीपाद संगीत मंडळीचं नाटकच कॅमेऱ्यात घेतलं होतं. आधी म्हणे कॅमेरा एका जागी ठेवून सगळं घेतलं, ते काही पटलं नाही, म्हणून तुकड्या-तुकड्यानं घेऊन जोडलं. गंमत बघा, मंडळी संगीत नाटकाची आणि चित्रपट मुका! तरी दोनेक आठवडे चालला.

पुढच्याच वर्षी, ३ मे १९१३ ला, त्याच कॉरोनेशनमध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि पहिल्या भारतीय चित्रपटाचा मान त्याला गेला. 'पुंडलिक' बाद का? तर कॅमेरामन जॉन्सन नावाचा इंग्रज, फिल्म धुतली लंडनला, आणि तिसरं कारण म्हणजे ते 'नुसतं नाटकाचं चित्रण'. सिनेमावाल्यांचा हिशोब मला मान्य आहे. फाळक्यांचा मान फाळक्यांनाच. पण नाटकवाल्यांच्या बाजूनं कोणी बोललंच नाही. तेव्हाची मंडळी स्टेजवर कशी उभी राहायची, हातवारे कसे करायची, हे त्या रिळांत होतं. आज त्याची प्रत कुठंच नाही.

नंतर २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन आलं आणि नाटक घरात शिरलं. आमच्या पिढीला खरी चटक लावली व्हीसीडीनं. 'वस्त्रहरण' आम्ही गल्लीत पंधरा-वीस जणांनी मिळून पाहिलंय. निम्मी मालवणी डोक्यावरून गेली, वऱ्हाडी माणसं तरी पोट धरून हसली. त्यातल्या किती जणांनी पुढं तिकीट काढून नाटक पाहिलं, विचाराल तर दोघं. मी त्यातला एक.

लंडनच्या नॅशनल थिएटरनं २००९ पासून नाटकं थेट सिनेमागृहांत दाखवायला सुरुवात केली. त्यांच्याकडं पाच-सहा कॅमेरे, पैसा, सगळंच. २०२० मध्ये थिएटरं बंद पडली तेव्हा आपल्याकडंही कलाकार घरूनच ऑनलाईन नाटकं करायला लागले.

आता आपल्या भागाचं. हौशी मंडळी राज्य नाट्य स्पर्धेसाठी दोन-दोन महिने तालमी करतात, एक प्रयोग होतो, सेट सोडला की संपलं. शूटिंग झालंच तर लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडून. ज्याचा संवाद त्याच्यावर कॅमेरा नाही, आवाजात पंख्याची घरघर. लेखकाची परवानगी काढायची असते हे तर कोणाच्या ध्यानातच नसतं.

आमच्या एका जुन्या नाटकात बापाची भूमिका करणारे काका गेल्या वर्षी वारले. तेराव्याला त्यांचा मुलगा म्हणाला, "दादा, तुमच्याकडं बाबांच्या नाटकाचं काही असंल तर द्या न." माझ्या जुन्या मोबाईलमध्ये अकरा मिनिटं सापडली. त्यातली चार पुढच्या रांगेतल्या डोक्यांची. बाकी पाठवली.

त्या प्रयोगाचं आणखी काही कोणाकडं असेल तर इनबॉक्स करा, त्याला द्यायचंय.