बाहीवरचे पिवळे क्लोव्हर : निमज ते सेनिओ

१/ पुण्याहून नाशिकला जाताना आंबेगावातील मंचर आणि जुन्नर तालुक्यातील नारायणगाव, आळेफाटा मागे पडले की संगमनेर तालुका लागतो. तेथील निमज गावचे नामदेव जाधव ज्या डिव्हिजनमधून लढले, तिच्या बाहीवरील कापडी चिन्हाची ही कथा. ते चिन्ह आज हाताने भरायचे असेल, तर आधी काय जाणून घ्यावे?

२/ ९ एप्रिल १९४५. इटलीतील सेनिओ नदी. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीतील शिपाई जाधव हे कंपनीचे निरोपे होते. त्यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप बाहेर काढले.

३/ मग ते परतले आणि त्यांनी शत्रूच्या मशीनगनची तीन ठाणी निकामी केली. हाताला जखम होऊन बंदूक चालवता येईना, तेव्हा हातबॉम्ब फेकले. अखेरीस बांधावर चढून मराठ्यांचा रणघोष करीत त्यांनी उरलेल्या कंपन्यांना पुढे बोलावले. या पराक्रमासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

४/ मराठा पलटणींच्या रणघोषात ज्या शिवछत्रपतींचा जयजयकार आहे, त्यांचे जन्मस्थान शिवनेरी याच जुन्नरात आहे.

५/ ही पलटण आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. डिव्हिजनचे चिन्ह म्हणजे लाल पार्श्वभूमीवर पिवळे क्लोव्हर. ही वनस्पती आपल्याकडच्या लसूणघासाच्या कुळातली. चिन्हावर अक्षर नाही, आकडा नाही. आपल्यांना ओळख पटावी, परक्याला तुकडीचे नाव वाचता येऊ नये, हा अशा चिन्हांचा मूळ हेतू. म्हणून 'शोभेसाठी' त्यावर नाव भरणे म्हणजे त्याचा अर्थच पुसणे होय. चौथ्या डिव्हिजनचा लाल गरुड येथे लावणे हीदेखील तितकीच मोठी चूक.

६/ आता भरतकाम. लाल लोकरी कापड रिंगमध्ये ताणावे, खडूने आकृती उतरवावी, कडा साखळी टाक्याने बांधून आतला भाग भरीव टाक्याने भरावा. दोरा सुती किंवा रेशमी घ्यावा. पॉलिएस्टरचा दोरा बाजारात आला तो युद्धानंतर.

७/ टाके थोडे वाकडे आले तरी खंत नको. त्याच युद्धकाळात भारतातील कारागीर चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवरील अमेरिकी सैनिकांसाठी बाहीची चिन्हे रेशमाने आणि जरीने हाताने भरून देत. हातची कामे ती. एक दुसऱ्यासारखे तंतोतंत नसे.

८/ मात्र एक गोष्ट टाळू नये. चिन्हाच्या मागील बाजूस 'प्रतिकृती' हा शब्द आणि तयार केल्याचे वर्ष पक्क्या दोऱ्याने भरावे. आज प्रेमाने केलेली वस्तू चार हात बदलल्यावर 'अस्सल' म्हणून विकली जाऊ शकते. जुना दोरा अतिनील प्रकाशात सहसा चमकत नाही, नव्या दोऱ्यांतील उजळ करणारी रसायने चमकतात. पण प्रत्येक खरेदीदार ही परीक्षा करीत नाही.

९/ खोटे चिन्ह खरे ठरले, की सेनिओच्या बांधावरील माणसांविषयीचा एक पुरावा गढूळ होतो. त्यांचा मान राखायचा, तर पुढची बाजू १९४५ शी प्रामाणिक हवी आणि मागची बाजू आपल्या आजच्या काळाशी.