पुतळा घडविणारे हात



१४ एप्रिल आला की आपण पुतळा धुतो, हार घालतो, मेणबत्त्या लावतो. जरीपटका-इंदोरा भागात निळ्या कोटातले, हाती संविधान घेतलेले बाबासाहेब आपल्याला ठिकठिकाणी भेटतात. पण हा पुतळा कुणी घडवला, कशावरून आणला, चौथऱ्यावर कुणी चढवला, असं कुणी विचारलं तर आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो. म्हणून वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत आम्ही पुतळ्यामागच्या हातांचा थोडा इतिहास मांडत आहोत.

संसद भवनाच्या आवारातला ब्राँझचा पुतळा आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. तो शिल्पकार बी. व्ही. वाघ यांनी घडवला. राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी २ एप्रिल १९६७ रोजी त्याचे अनावरण केले. बोट पुढे केलेले तेच बाबासाहेब आज गावोगावी दिसतात. वाघांचे नाव मात्र किती घरांत माहीत आहे?

दुसरे नाव राम सुतार यांचे. १९ फेब्रुवारी १९२५ रोजी धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावी एका सुतारकाम करणाऱ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले. १९५४ ते १९५८ या काळात पुरातत्त्व खात्यात राहून त्यांनी अजिंठा-वेरूळच्या भंगलेल्या शिल्पांची डागडुजी केली. म्हणजे पाहा, इकडे नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब धम्मदीक्षा देत होते, त्याच वर्षांत तिकडे हा तरुण लेण्यांतल्या जुन्या मूर्ती सावरत होता! त्याच हातांनी पुढे बाबासाहेबांचे भव्य पुतळे घडवले. डिसेंबर २०२५ मध्ये, वयाची शंभर वर्षे पूर्ण करून, ते गेले.

१४ एप्रिल २०२३ रोजी हैद्राबादला १२५ फुटी पुतळा उभा राहिला. तो राम सुतार आणि त्यांचे चिरंजीव अनिल सुतार यांच्या कामाचा. एवढा पुतळा कुणी एकसंध ओतू शकत नाही. आधी लहान नमुना होतो. चेहरा, चष्मा, कोटाची घडी सगळं त्यात ठरतं. मग तो वाढवून त्याचे भाग पाडतात आणि एकेक भाग वेगळा ओततात. हे ओतकाम दिल्लीकडे झालं आणि तुकडे रस्त्याने हैद्राबादला गेले. तिथे पोलादी सांगाडा उभारून त्यावर ते बसवले गेले. सांगाड्याचे पोलाद ३६० टन, वरचे ब्राँझ ११४ टन. दिल्ली-हैद्राबाद महामार्ग आपल्या नागपूरवरूनच जातो. ताडपत्रीखाली झाकलेला एखादा भाग आपल्या शेजारून गेला असेल, तरी आपल्याला पत्ता लागला नसेल!

आता विचार करा. साचा करणारा चुकला तर ओतणाऱ्याची मेहनत वाया. ट्रेलरवाल्याने नीट बांधलं नाही तर तुकडा वाकणार. क्रेनवाल्याचा आणि वर चढलेल्या वेल्डरचा मेळ बसला नाही तर जीवच धोक्यात. इथे एकट्याचं काही चालत नाही.

हेच हात सातासमुद्रापार पोहोचले. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात अ‍ॅकोकीक येथे सुतारांनीच घडवलेल्या १९ फुटी 'समतेच्या पुतळ्या'चे अनावरण झाले. दिवस कोणता? १४ ऑक्टोबर २०२३. दीक्षाभूमीची तारीख तिथल्या आपल्या बांधवांनी मुद्दाम निवडली, याचा नागपूरकरांना अभिमान वाटणारच.

पण अभिमानाबरोबर एक जबाबदारीही येते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामाचे तास आठ करण्याचा निर्णय त्यांच्याच काळातला. आणि त्यांच्याच पुतळ्याखालच्या पाटीवर बहुधा उद्घाटकाचे नाव असते, देणगीदारांचे असते; पण साचेवाला, गवंडी, वेल्डर यांचे नसते. हे आपल्याला शोभते काय?

म्हणून आमची विनंती आहे. आपल्या वस्तीतला पुतळा कुणी घडवला, वर्गणी कुणी गोळा केली, खांदा कुणी दिला, हे वडीलधाऱ्यांना आताच विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. उद्या सांगणारे राहणार नाहीत. यापुढे पाटी लावायची झाली, तर त्यावर श्रमणाऱ्या हातांसाठी एक ओळ राखून ठेवू या.

जय भीम!