तळघरांचे पूरसंरक्षण : शिकागो

घराच्या जमिनीखालील मजल्यात पावसाचे, नदीचे अथवा गटारातील पाणी शिरू नये आणि शिरलेच तर त्यामुळे भिंती, फरशी व तेथील यंत्रसामग्री यांची हानी होऊ नये, यासाठी योजण्यात येणाऱ्या उपायांना तळघराचे पूरसंरक्षण असे म्हणतात. नदीकाठच्या वस्तीत पूर सामान्यतः उंबरठा ओलांडून येतो व तो येताना दिसतो. सपाट प्रदेशातील मोठ्या शहरात मात्र तो पुष्कळदा फरशीतील मोरीच्या तोंडातून, खालून वर येतो आणि त्या वेळी रस्ता जवळजवळ कोरडाही असू शकतो. या दुसऱ्या प्रकारच्या पुराचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शिकागो हे शहर होय. तेथील तळघरांच्या संरक्षणाचा इतिहास हा वस्तुतः पाणी कोठे साठू द्यावयाचे आणि ते कोणी सोसावयाचे, या प्रश्नाचा इतिहास आहे.

शिकागो मिशिगन सरोवराच्या नैर्ऋत्य काठी वसले आहे. हिमयुगाच्या अखेरीस या ठिकाणी एक मोठे सरोवर होते; त्याच्या सपाट तळावर आजचे शहर उभे आहे. वरच्या थरात चिकण माती असल्यामुळे पावसाचे पाणी जमिनीत सावकाश मुरते आणि उतार नसल्यामुळे ते वाहूनही जात नाही. मूळची जमीन सरोवराच्या पातळीपेक्षा जेमतेम एक-दोन मीटर उंच होती. अशा ठिकाणी तळघरे बांधली जावीत, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु त्याला हवामानाचे कारण आहे. हिवाळ्यात तेथील जमीन खोलवर गोठते व गोठलेली माती फुगून पाया उचलते. त्यामुळे पाया सु. १·०७ मी. खोलीच्या खाली न्यावा लागतो. एवढे खणावयाचेच, तर आणखी थोडे खणून एक मजला मिळवावा, हा हिशेब घर बांधणाऱ्यांना पटण्यासारखा होता. कोळशाची भट्टी, कोळशाचे कोठार आणि कपडे धुण्याची जागा एवढ्यासाठी प्रथम तळघराचा उपयोग होई. भट्टी जाऊन तेल व वायू यांवर चालणारी लहान तापनयंत्रे आल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत बैठकीच्या व निजावयाच्या खोल्या करण्यात आल्या. पुराच्या दृष्टीने हा बदल फार महत्त्वाचा ठरला. पूर्वी भिजत असे तो कोळसा, पुढे भिजू लागला तो संसार.

सु. १९१० ते १९४० या काळात शहराच्या कडेने विटांची सु. ८०,००० बैठी घरे बांधण्यात आली. त्यांना बंगलो म्हणतात. हे नाव आपल्याकडील ‘बंगला’ या शब्दावरून गेलेले आहे. मात्र बंगला जोत्यावर चढविलेला असतो, तर शिकागोचा बंगलो निम्मा जमिनीत रुतलेला असतो.

शहराच्या निचऱ्याची पद्धतशीर योजना १८५५ मध्ये सुरू झाली. आदल्या वर्षीच्या पटकीच्या साथीत मोठी मनुष्यहानी झाली होती. बॉस्टनहून बोलाविण्यात आलेले अभियंते एलिस सिल्व्हेस्टर चेसब्रो यांनी असे दाखवून दिले की, सपाट जमिनीत गटारांना उतार द्यावयाचा, तर ती जमिनीच्या पातळीच्या आसपासच घालावी लागतील आणि रस्ते त्यांच्यावर भर घालून उंच करावे लागतील. त्याप्रमाणे रस्त्यांची पातळी काही ठिकाणी ३ मी.पर्यंत उंच करण्यात आली. विटांच्या मोठ्या इमारती खाली पडू नयेत म्हणून त्या स्क्रूच्या जॅकांनी उचलण्यात आल्या. १८६० मध्ये लेक स्ट्रीटवरील दुकानांची सु. ९८ मी. लांबीची एक सलग रांग सु. ६,००० जॅक लावून जवळजवळ दीड मीटर उचलण्यात आली व त्या काळात तेथील व्यवहारही चालू होते. या कामांत भाग घेणाऱ्यांत पुढे शय्यायानांच्या कारखान्यामुळे प्रसिद्धीस आलेले जॉर्ज पुलमन हेही होते.

या उचलीचे वर्णन अभियांत्रिकीच्या इतिहासात कौतुकाने केले जाते आणि ते योग्यही आहे. परंतु इमारत उचलण्याचा खर्च मालकाचा होता. ज्यांना तो झेपला नाही त्यांची घरे होती तेथेच राहिली आणि त्यांच्यासमोरचा रस्ता तेवढा वर गेला. पिल्सेनसारख्या कामकऱ्यांच्या वस्तीत अशी घरे अजून पाहावयास मिळतात. त्यांचे अंगण रस्त्यापेक्षा खोल आहे, पदपथाखाली पोकळी आहे आणि जो एके काळी तळमजला होता तो तळघर झाला आहे. तळघर बांधण्याचा विचारही न केलेल्या कुटुंबांना अशा रीतीने ते प्राप्त झाले.

चेसब्रो यांची गटारे संयुक्त पद्धतीची होती, म्हणजेच घरातील मलजल व रस्त्यावरील पावसाचे पाणी एकाच नळातून वाहत असे. गटारे नदीत, नदी सरोवरात आणि सरोवर हेच पिण्याच्या पाण्याचे उगमस्थान, अशी स्थिती असल्यामुळे नदीचा प्रवाहच उलट फिरविण्यात आला. त्यासाठी खणलेल्या सु. ४५ किमी. लांबीच्या कालव्यात जानेवारी १९०० मध्ये पाणी सोडण्यात आले. सरोवर त्यामुळे पुष्कळसे सुरक्षित झाले. तळघरांची स्थिती मात्र सुधारली नाही, कारण मूळ दोष संयुक्त नळाच्या मर्यादित धारणशक्तीत होता.

हा दोष असा : उन्हाळ्यातील वादळी पावसात थोड्या वेळात येणारे पाणी नळात मावेनासे झाले की, नळ तुडुंब भरतो आणि त्यातील पाणी मॅनहोलमधून वर चढू लागते. घराची जोडवाहिनी याच नळाला मिळालेली असते. तळघराची फरशी रस्त्याच्या पातळीपेक्षा दीड-दोन मीटर खाली असल्यामुळे, रस्त्यावरील मॅनहोल ओसंडण्याच्या बऱ्याच आधी मोरीतून पाणी उसळते. म्हणजे जोडलेल्या भांड्यांत द्रव एकाच पातळीस येतो, हा शाळेतील प्रयोग येथे घरोघर घडतो. येणारे पाणी नुसते पावसाचे नसून मलमिश्रित असते, त्यामुळे साफसफाई व निर्जंतुकीकरण हा स्वतंत्रच व्याप होऊन बसतो.

गृहस्थांनी यावर योजलेल्या उपायांना एक चढता क्रम आहे. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मोरीच्या तोंडात रबराचे बूच आवळून बसविणे. त्याऐवजी तेथे उभी नळी बसविली, तर पाणी नळीत चढते व तिच्या उंचीपर्यंतचा दाब तोलला जातो. पाणी त्याहून चढल्यास ते नळीवरून सांडते व फरशीवरील भार आपोआप कमी होतो. त्यामुळे नळी बुचापेक्षा सुरक्षित समजली जाते. मात्र तळघरात शौचकूप किंवा धुण्याची कुंडी असेल, तर पाणी तिच्यातून वाट काढते आणि नळीचा उपयोग राहत नाही. तिसरा उपाय एकदिश झडपेचा. ती जोडवाहिनीवर, बहुधा अंगणातील खड्ड्यात बसवितात. पाणी उलटे येऊ लागले की तिचे पाते मिटते. चिंधी किंवा काडी अडकली तरी ते पुरते मिटत नाही, म्हणून तिची वेळोवेळी तपासणी करावी लागते. शिवाय झडप मिटलेली असताना घरातले पाणीही बाहेर जाऊ शकत नाही. भर पावसात वरच्या मजल्यावर कोणी स्नान केले, तर ते पाणी तळघरातच उतरते आणि कुटुंबाने स्वतःचेच तळघर स्वतःच बुडविल्याचा प्रकार घडतो.

सर्वांत खात्रीचा व सर्वांत खर्चाचा उपाय म्हणजे मलवाहिनी तळघराच्या छताशी नेणे. वरच्या मजल्यांचे पाणी गुरुत्वाने तिच्यात पडते व तळघरातील तेवढे पाणी एका बंदिस्त कुंडात गोळा करून पंपाने वर चढविले जाते. बाहेरील नळ रस्त्यापर्यंत भरला तरी घरात शिरण्यास खालचे तोंडच उरत नाही. या जोडीला पायालगत सच्छिद्र नळ घालून भिंतीजवळचे भूजल दुसऱ्या कुंडात आणणे व ते पंपाने बाहेर टाकणे, भिंतींना बाहेरून डांबराचा जलरोधी लेप देणे, खिडक्यांच्या खळग्यांवर झाकणे बसविणे आणि अंगणाचा उतार घरापासून दूर ठेवणे, ही कामे केली जातात. पंपांची मोठी उणीव अशी की, ज्या वादळात त्यांची गरज असते त्याच वादळात वीज जाते. म्हणून विद्युत् घटमालेवर चालणारा दुसरा पंप ठेवण्याची प्रथा पडली.

पाणी पूर्णपणे बाहेर रोखणे सर्वदा हिताचे असतेच असे नाही. १० सेंमी. जाडीच्या काँक्रीटच्या फरशीचे वजन दर चौ.मी.ला सु. २४० किग्रॅ. असते, म्हणजे तिच्याखाली केवळ २४ सेंमी. उंचीचा जलदाब निर्माण झाला तरी तो तिच्या वजनाशी बरोबरी करतो. त्यापलीकडे फरशी आपल्या दृढतेवर काय टिकेल तेवढीच. २·४ मी. उंचीची भिंत माथ्यापर्यंत पाण्याने वेढली गेल्यास केवळ पाण्याचाच रेटा भिंतीच्या दर मीटर लांबीवर सु. २·९ टन होतो. भिजलेल्या मातीचा रेटा निराळा. आत शिरलेले पाणी हा रेटा तोलून धरते. यामुळेच भोवतालची जमीन पाण्याने तुडुंब असताना तळघर घाईने उपसू नये, दररोज थोडेथोडे पाणी काढावे, असा सल्ला दिला जातो. उत्साहाने एका दिवसात उपसलेल्या तळघरांच्या भिंती आत कोसळल्याची उदाहरणे पूरग्रस्त प्रदेशांत आढळतात.

घरोघरीच्या या उपायांत एक सामाजिक पेच दडलेला आहे. पाणी एका घराने नाकारले म्हणजे ते नाहीसे होत नाही. ते नळात राहते आणि ज्याने झडप बसविलेली नाही त्याच्याकडे वळते. शहराची तळघरे ही एक प्रकारे त्याच्या गटारव्यवस्थेची अघोषित धारणकुंडे होती आणि जो तो आपले कुंड बंद करी तसतसा उरलेल्यांवरचा भार वाढे. हे ओळखून स्कोकी व एव्हन्स्टन या उत्तरेकडील उपनगरांनी आणि नंतर शिकागोने वेगळा मार्ग धरला. रस्त्याकडेच्या कुंड्यांच्या तोंडाशी प्रवाहरोधक बसवून पावसाचे पाणी नळात हळूहळू जाईल अशी व्यवस्था करण्यात आली. त्यामुळे रस्त्यावर काही काळ तळे साचते. आपल्या दारातील तळे ही नगरपालिकेने मुद्दाम केलेली सोय आहे, हे नागरिकांच्या गळी उतरविणे नळ बसविण्यापेक्षा अवघड काम असले पाहिजे. छपरावरील पाण्याचे नळ गटारापासून तोडून अंगणात सोडणे, हाही याच धोरणाचा भाग होय.

सार्वजनिक उपायांत सर्वांत भव्य योजना खोल बोगद्यांची. पूर्वी गटारांचे अतिरिक्त पाणी वर्षातून सु. १०० दिवस नदीत सोडावे लागे. १९७२ मध्ये या योजनेचा स्वीकार झाला व १९७५ मध्ये बांधकामास प्रारंभ झाला. जमिनीखाली सु. ४५ ते ९० मी. खोलीवर, खडकात कोरलेले सु. १७६ किमी. लांबीचे बोगदे २००६ पर्यंत पूर्ण झाले. त्यांत साठणारे पाणी जुन्या चुनखडकाच्या खाणींत केलेल्या जलाशयांत जाते व पाऊस ओसरल्यावर शुद्धीकरण केंद्रांकडे उपसले जाते. थॉर्नटन जलाशय २०१५ मध्ये (धारणशक्ती सु. ३ कोटी घ.मी.) आणि मकूक जलाशयाचा पहिला टप्पा २०१७ मध्ये (सु. १·३ कोटी घ.मी.) कार्यान्वित झाला. शिकागो व ५१ उपनगरे यांचे सु. ९७० चौ.किमी. क्षेत्र या योजनेखाली येते.

१३ एप्रिल १९९२ रोजी शहराच्या मध्यभागी पाऊस नसतानाच तळघरे बुडाली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मालवाहतुकीसाठी खणलेले अरुंद बोगदे १९५९ पासून पडून होते व अनेक इमारतींची तळघरे त्यांना जोडलेली होती. किंझी स्ट्रीटच्या पुलाजवळ नदीत खुंट ठोकताना एका बोगद्याच्या भिंतीला इजा झाली होती. गळती आधी लक्षात येऊनही दुरुस्ती लांबली आणि नदी बोगद्यांत शिरली. राहत्या घरांशी या घटनेचा संबंध थोडा असला, तरी तिने तळघराला असलेले प्रत्येक विसरलेले तोंड शोधून बुजविण्याची आवश्यकता पटविली. नुकसानभरपाईच्या दाव्यांत, खुंट तराफ्यावरून ठोकले गेल्यामुळे, नौकानयनविषयक कायदा लागू होतो, असे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. तळघरातील पुराला सागरी कायदा लागू होण्याचा हा प्रसंग विरळाच म्हटला पाहिजे.

बोगद्यांमुळे नदीचे प्रदूषण पुष्कळ घटले. तळघरांना मात्र अपेक्षेइतका दिलासा मिळाला नाही. २००७ ते २०११ या पाच वर्षांत शिकागो ज्यात मोडते त्या कुक परगण्यात पूरहानीच्या भरपाईचे १·८ लाखांहून अधिक दावे दाखल झाले. त्यांचा नकाशा सरकारने आखलेल्या पूरमैदानांशी जुळत नव्हता. नदीपासून दूरच्या वस्त्याही त्यात तेवढ्याच होत्या. साध्या गृहविम्यात पुराची हानी अंतर्भूत नसते आणि १९६८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय पूरविम्यातही तळघरातील सामानसुमानास संरक्षण मिळत नाही. २ जुलै २०२३ रोजी शहराच्या पश्चिम भागात व लगतच्या सिसेरो, बर्विन या उपनगरांत काही ठिकाणी २० सेंमी.हून अधिक पाऊस पडला. नदीची पातळी उतरविण्यासाठी सरोवराचे दरवाजे उघडावे लागले आणि ऑस्टिनसारख्या वस्तीतील हजारो तळघरे मलजलाने भरली. यांतील पुष्कळशी घरे जुन्या बंगलोंपैकीच होती. मकूक जलाशयाचा दुसरा टप्पा पुढे पुरा व्हावयाचा आहे. त्याने साठवण वाढेल, परंतु गल्लीतील पाणी बोगद्याच्या तोंडापर्यंत नेणारे नळ बव्हंशी जुन्याच व्यासाचे आहेत.